निवडलेला तांदूळ

माझ्या खोलीच्या दारावरची पाटी इतकी लांब होती की तिची तिसरी ओळ कडीखाली गेली होती. 'मनोविकार, व्यसनाधीनता व व्यक्तिमत्त्व समस्या समुपदेशन कक्ष.' एकोणतीस वर्षांत ही पाटी वाचून कोणी आत आल्याचं मला आठवत नाही. लोक चौकीदाराला विचारत, "ते बोलाची खोली कोठी आहे जी?" आणि चौकीदार हात करी. दवाखाना भंडारा शहरातला, धर्मादाय विश्वस्तांचा. त्याचं नाव सांगत नाही. विश्वस्तांना आपलं नाव छापून आलेलं फार आवडतं आणि तो आनंद त्यांना माझ्या हातून मिळावा असं मला अजून वाटत नाही.

खोलीच्या डावीकडे मनोविकारांचा विभाग होता आणि उजवीकडे व्यसनमुक्तीचा. डावीकडचे डॉक्टर म्हणत, आधी याची दारू सोडवून आणा, मग मन बघू. उजवीकडचे म्हणत, याचं डोकं ठिकाणावर नाही, आधी ते बघा, मग दारू सोडवू. दोन्हीकडून परत पाठवलेला माणूस मधल्या व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसे. तो माझा पेशंट.

त्याला काय झालेलं असे, हे बाहेरच्याला सांगणं अवघड आहे. ताप आला की माणसाला कळतं आपण आजारी आहोत. स्वभावाच्या आजारात तसं नसतं, कारण स्वभाव म्हणजे आपणच. संशय, राग, हट्ट, एकटं पडण्याची भीती हे सगळं आपल्या सगळ्यांमध्ये मिठाइतकं असतं. काहींमध्ये ते भाताइतकं असतं. ती माणसं सोमवारी ज्याला देव म्हणतात, त्यालाच गुरुवारी राक्षस म्हणतात आणि दोन्ही वेळा मनापासून. कोणी फोन उचलला नाही तर त्यांच्यापुरतं जग संपतं. अशा माणसाला दारू ही मजा नसते. ते औषध असतं, अत्यंत वाईट पण दहा मिनिटांत लागू पडणारं. माझ्या बोलण्याला लागू पडायला दोन वर्षं लागत. सामना मुळातच विषम होता.

लोकांना वाटे, मी आत बसून उपदेश करते. उपदेश माझ्या पेशंटांना घरी फुकट आणि पोटभर मिळत असे. माझं काम म्हणजे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच खुर्चीवर बसलेलं असणं, आणि समोरचा माणूस आज देव म्हणतोय की राक्षस याने फरक पडू न देणं. बाकीची सगळी तंत्रं त्यानंतर येतात. या धंद्याची पुस्तकं थंड देशांत लिहिलेली असतात. तिथला पेशंट मोटारीने येतो, म्हणून त्यांनी भेट पन्नास मिनिटांची ठरवली आहे. आमची भेटही पन्नास मिनिटांचीच असे, पण ती एसटी आली की सुरू होई.

दोन नियम मी कधी मोडले नाहीत. पहिला, सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचं. दुसरा, पिऊन आलेल्या माणसाशी बोलायचं नाही. त्याला हाकलायचं नाही, बाकावर बसवायचं, चहा द्यायचा, पुढची तारीख आहे तीच ठेवायची. दार उघडं, बोलणं बंद.

माणसं तऱ्हेतऱ्हेची आली. जवाहरनगरच्या क्वार्टरमधले एक गृहस्थ आपण बायकोमुळेच पितो हे सिद्ध करायला फाइल घेऊन येत. फाइलला टॅग, आत परिशिष्ट अ, ब, क. पुढे त्यांनी माझ्यावरही एक परिशिष्ट उघडलं. 'अमुक तारखेस समुपदेशिका चार मिनिटे उशिरा.' ते सुधारले असं मी धरून चालते, कारण शेवटच्या भेटीत त्यांनी फाइलला एक पान जोडलं होतं आणि ते स्वतःविषयी होतं. चिखल्याहून एक खाणकामगार येत. जमिनीखाली हा माणूस शहाणा आणि वर आला की भांडणं आणि दारू. मी कारण विचारलं तर म्हणाले, "खाली बरं असते मॅडम. अंधार सगळ्याईले सारखा. वर आलो का लोकं तोंडाकडं पायतेत." याहून नेमकं निदान मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

पण सांगायचं आहे ते वैशालीविषयी. नाव अर्थातच बदललं आहे.

वैशाली साकोलीत भाड्याच्या खोलीत राहायची आणि ब्लाउज शिवायची. वय तेहतीस. नवरा हैदराबादला बांधकामावर. सासू जनाबाई साकोलीपासून सहा-सात किलोमीटरवरच्या गावात, तलावाखालच्या दीड एकर धानाच्या शेतावर घर चालवणारी. वैशाली मोहाची प्यायची, ती मिळाली नाही तर दुकानातली. बाईमाणूस पितं हे आमच्याकडे कोणी उघड बोलत नाही. पिणाऱ्या बायका मात्र असतात आणि त्या पुरुषांपेक्षा उशिरा दवाखान्यात येतात. कारण त्यांना आणणारं कोणी नसतं.

तिला आणलं जनाबाईने. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य होतं. अशा एका मंडईत वैशाली नऊ वर्षांच्या रिद्धीला घेऊन गेली. तिथे नवऱ्याचा फोन आला, भांडण झालं, तिने कुठूनतरी बाटली मिळवली आणि मुलीला तिथेच विसरून परतली. मुलगी एका मिठाईच्या दुकानाशेजारी संध्याकाळपर्यंत बसून होती. दुकानदाराने ओळख काढत तिला आजीच्या घरी पोचवलं. जनाबाईने त्या दिवशी नातीला ठेवून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात सुनेला माझ्या बाकावर आणून बसवलं.

"इले बोलवा," ती मला म्हणाली. "सुई नका लावू. सुया लय लावल्या."

पहिले सहा महिने वैशालीने माझी परीक्षा घेतली. एका बुधवारी ती म्हणायची, मॅडम, तुमच्यासारखं मले कोणी समजूनच नाही घेतलं. पुढच्या बुधवारी म्हणायची, "तुमाले पगार भेटते म्हणून आयकता. नाईतं कोण आयकते?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पगार मिळतो म्हणून दर बुधवारी ऐकते. बिनपगारी ऐकणारे किती बुधवार टिकले?"

तिने खरंच मोजून पाहिलं. "एक बी नाही."

तीन वेळा ती पिऊन आली. बाकावर बसली, चहा पिऊन मला शिव्या दिल्या आणि शेवटच्या एसटीने गेली. चौथ्यांदा पिऊन आली नाही. मी तिला याचं कारण विचारलं नाही. यश मिळालं की त्याची चौकशी करू नये, असं मी अनुभवाने शिकले आहे.

दारूची ओढ लाटेसारखी असते. चढते, टिकते आणि वीस-पंचवीस मिनिटांत उतरते. तेवढा वेळ हाताला आणि डोळ्यांना काम दिलं तर माणूस तरतो. कोणी माळ ओढतं, कोणी अंगण झाडतं. वैशालीने तांदूळ निवडणं घेतलं. गावच्या मिलवर काढलेल्या तांदळात खडे असतात, सालासकट राहिलेले दाणे असतात. ओढ आली की सूप घ्यायचं, मूठभर तांदूळ घालायचे आणि एकेक दाणा बघायचा. वीस मिनिटं. ओढ उतरली नाही तर पुन्हा मूठभर. थोड्याच दिवसांत तिच्या डब्यातला सगळा तांदूळ निवडून संपला.

हे जनाबाईला कळलं तेव्हा तिने त्याचा उपयोग करून घेतला. दर रविवारी गावाकडून साकोलीला येणाऱ्या जीपमध्ये ती पाच किलोची थैली टाकून देऊ लागली. "हे बी निवडून ठेव म्हणा. तिले काम पाहिजे ना." पुढच्या रविवारी निवडलेली थैली परत जायची आणि नवी यायची. माझ्या उपचारपद्धतीचा याहून मोठा गौरव कोणी केला नाही. त्या वर्षी जनाबाईच्या घरी भातात खडा लागला नाही.

त्याच काळात मी एकदा शहाणपणा केला. पुस्तकातलीच गोष्ट स्थानिक करून सांगावी म्हणून म्हटलं, राग म्हणजे तलावातलं पाणी. अडवून धरलं तर पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटते. सांडव्यावाटे थोडं थोडं सोडायला हवं.

वैशालीने मला थांबवलं. "मॅडम, तुमी कधी तलावाच्या पाळीवर गेल्या का?"

"नाही," मी म्हटलं. माझं बालपण गावातल्या पेठेत, किराणा दुकानामागे गेलं.

"पाळ पाण्यानं नाही फुटत. पाणी तं वर्षानुवर्सं राह्यते. खेकडा भोक पाडते. लहानसं. कोणाले दिसत नाही. अन् मंग एक दिवस तेथूनच जाते सारी."

मी वहीत लिहून घेतलं. पुढे समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांना शिकवताना ते माझंच असल्यासारखं वापरलंही.

पोळ्याच्या सुमाराला जनाबाई वैशालीबरोबर माझ्या खोलीत आली. सासू-सुनेत करार व्हायचा होता. या पोळ्यापासून पुढच्या पोळ्यापर्यंत वैशाली प्यायली नाही, तर रिद्धी साकोलीला आईजवळ राहायला जाईल. तोवर फक्त रविवारी गावात येऊन भेटायचं.

"पेली का नाही हे मले कसं समजन?" जनाबाईने विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं. "मॅडम सांगतीन. मॅडमच्या शब्दावर."

मी मान हलवली. मान हलवताना मला एक गोष्ट माहीत होती आणि त्या दोघींना नव्हती. मी पुढच्या जुलैअखेरीला निवृत्त होणार होते. पोळ्याच्या एक महिना आधी.

आता माझ्या धंद्यातला एक साधा नियम सांगते. एकटं पडण्याची भीती हाच ज्याचा आजार आहे, त्याला सोडून जायचं असेल तर तारीख आधी सांगायची. किमान सहा महिने आधी. आणि मग त्या सहा महिन्यांत फारसं दुसरं काही करायचं नाही, फक्त त्या जाण्याविषयी बोलायचं. त्याला चिडू द्यायचं, रडू द्यायचं, तुम्हाला राक्षस म्हणू द्यायचं. कारण त्याच्या आयुष्यातली माणसं आजवर न सांगता गेलेली असतात. सांगून गेलेलं एक तरी माणूस त्याला भेटावं, हाच उपचाराचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा भाग. हे मी वर्षानुवर्षं नव्या पोरींना शिकवलं. फळ्यावर लिहून.

आणि मी वैशालीला सांगितलं नाही. तिलाच काय, कोणालाही नाही.

कारण क्षुल्लक आहे, म्हणूनच सांगते. मला निरोपसमारंभ नको होता. आमच्या दवाखान्यात निवृत्त होणाऱ्या माणसाचा जाहीर पंचनामा होत असे. शाल, श्रीफळ, विश्वस्तांची दोन भाषणं, सहकाऱ्यांची सात, आणि शेवटी निवृत्त होणाऱ्याने गहिवरून बोलावं अशी सर्वांची अपेक्षा. मी अशा बावीस समारंभांना बसले होते आणि प्रत्येकात मनातल्या मनात भाषणांतल्या विशेषणांची मोजणी केली होती. ठरवलं होतं की आपण एका महिनाअखेरीला खोलीची किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं. त्यासाठी तारीख गुप्त हवी होती. पेशंटला सांगितलं तर व्हरांड्यात पसरेल, व्हरांड्यातून ऑफिसात जाईल. वैशालीला फेब्रुवारीत सांगू म्हटलं. मग तिचं चांगलं चाललं होतं म्हणून एप्रिलमध्ये. मग जून आला.

आमच्या हेडक्लार्कला माणसापेक्षा फ्लेक्स प्रिय. माझी तारीख त्याने सर्व्हिस बुकातून काढली आणि जुलैच्या मध्याला, मला चकित करण्यासाठी, दवाखान्याच्या फाटकावर आठ बाय दहाचा फ्लेक्स लावला. त्यावर माझा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून, आणि खाली लाल अक्षरांत: 'मनोरुग्णांची माउली सेवानिवृत्त होत आहे!' उद्गारचिन्हासकट.

तो बुधवार होता. मी सकाळी मागच्या दाराने आले होते, त्यामुळे मला काहीच माहीत नव्हतं. वैशालीची वेळ साडेअकराची. ती आली नाही. माणूस आला नाही तरी त्याची पन्नास मिनिटं त्याच्यासाठी बसून राहायची, हीसुद्धा माझी पद्धत. बसले. मग पाय मोकळे करायला फाटकापर्यंत गेले आणि वर पाहिलं. माझा एवढा मोठा चेहरा मी आधी पाहिला नव्हता. पहिला विचार विशेषणाविषयीचा होता. दुसरा विचार हा, की वैशाली याच फाटकातून आत येते.

वैशाली चार वाजता आली. मोहाचा वास तिच्या आधी आला. अकरा महिने ती प्यायली नव्हती. ती बाकावर बसली, जुन्या जागेवर, आणि मला बघून म्हणाली, "माउली! माउली चालली म्हणे!"

मी चहा आणला.

"पोरीले मंडईत सोडून गेली तं मी नालायक. अन् तुमी? तुमी तं बोर्ड लावून चालल्या!"

पिऊन आलेल्या माणसाशी बोलायचं नाही. मी बोलले नाही. पण आजवर मी चहा देऊन आत जात असे, त्या दिवशी बाकावर तिच्या शेजारी बसले. साडेपाचच्या एसटीपर्यंत. नियम अर्धा पाळला, अर्धा मोडला. उठताना तिने एकच विचारलं, "बुधवार किती राह्यले?"

"दोन," मी म्हटलं. हे बोलणं नियमात बसतं की नाही याचा मी नंतर कधी विचार केला नाही.

पुढच्या बुधवारी ती वेळेवर आली. कोरडी, थंड, पदर घट्ट खोचलेला. मी आधी बोलले. म्हटलं, चूक माझी आहे. तारीख मला गेल्या पोळ्यालाही माहीत होती. मी लपवली. कारण मला सत्कार नको होता.

"काय नको होता?"

"सत्कार. शाल-नारळ. भाषणं."

ती आधी हसली नाही. मग हसली ती थांबेना. "म्हणजे तुमाले हारतुऱ्याचं भेव वाटते? खरंच?"

"हो."

"अन् त्याच्यासाठी मले नाही सांगतलं?"

"हो."

"पाहा मॅडम. मले भेव वाटलं तं मी पेली. तुमाले भेव वाटलं तं तुमी लपवलं. दोघीईचं एकच आहे." मग म्हणाली, "खेकडा तुमच्याकडूनच निघाला."

मी वहीत काही लिहिलं नाही.

मग तिने सासूविषयीचा तिचा खरा प्रश्न विचारला. "आत्याबाईले काय सांगसान?"

त्या पन्नास मिनिटांत मला त्याहून अवघड काही विचारलं गेलं नव्हतं. मी गप्प राहिले तर मुलगी तिच्याकडे जाणार होती. मी खरं सांगितलं तर जाणार नव्हती, आणि त्या एका दिवसाचं निम्मं कारण मीच होते. म्हटलं, "मला विचारलं तर खरं सांगेन. त्यांनी विचारण्याआधी तुम्ही सांगितलं तर बरं. पण ते तुमच्यावर आहे."

"तुमच्या चुकीची बी शिक्षा मलेच?"

"हो. मला त्यावर उपाय सापडलेला नाही."

ती उठली. जाताना म्हणाली, "एक गोष्ट करसान? त्या समारंभात बसा. पळू नका. मी येते पाहाले. तुमाले भेव वाटलं तं वीस मिनिटं बसून राहा, उतरते. तुमीच सांगतलं होतं."

बसले. वीस मिनिटांचं दोन तासांवर गेलं. नऊ भाषणांत मला 'माउली' सहा वेळा म्हटलं गेलं, 'दीपस्तंभ' चार वेळा. एका विश्वस्ताने माझं नाव चुकीचं घेतलं आणि तेच एक वाक्य मला मनापासून आवडलं. शेवटच्या रांगेत वैशाली बसली होती आणि माझ्याकडे असं बघत होती, जसं मी एकोणतीस वर्षं इतरांकडे बघितलं होतं. मला बोलायला उभं केलं तेव्हा मी म्हटलं, "मी आज जाते आहे. हे मी आधी सांगायला हवं होतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनय वाटला.

पोळ्याच्या दिवशी मी एसटीने साकोलीला आणि तिथून जीपने जनाबाईच्या गावी गेले. आता माझ्याकडे पद नव्हतं, खोली नव्हती, पाटी नव्हती. नुसता दिलेला शब्द होता. बैल सजवून तोरणाखाली निघाले होते, घरात पुरणाचा वास होता आणि वैशाली आधीच येऊन बसली होती. रिद्धी दारात उभी होती. दहा वर्षांची, दोन वेण्या घट्ट घातलेली, कोणाकडे बघावं ते न ठरवता आळीपाळीने तिघींकडे बघणारी. जनाबाईने तिला बैल बघायला पाठवलं. आम्ही ओसरीवर बसलो. वैशालीचे हात मांडीवर होते आणि अंगठा दुसऱ्या अंगठ्यावर घासत होता, हातात तांदूळ असल्यासारखा.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मी एक दिवस पेली."

जनाबाईने पानाला चुना लावायचं काम पूर्ण केलं. "मालूम आहे मले."

"कोणं सांगतलं?" वैशालीने झटकन माझ्याकडे पाहिलं. मी मान नाही म्हणून हलवली.

"थैलीनं सांगतलं. दर खेप इतवारी येते. त्या हप्त्यात शुक्रवारीच वापस आली. पाच किलो. एक खडा नाही, एक साळ नाही, कणी बी येगळी काढून बांधली होती." जनाबाई माझ्याकडे वळली. "इतका साफ तांदूळ कोणी सुखानं निवडते का जी? म्या म्हटलं, काई तरी झालं. पेली असन, नाईतं मरत मरत वाचली असन."

"मंग विचारलं काहून नाही?"

"तू सांगतं का नाही, ते पाहाचं होतं." तिने पान तोंडात टाकलं. "नसतं सांगतलं तं पोरगी नसती देल्ली. एका दिवसाचं काय घेऊन बसली वं? माह्या पोराचं पाह्य, तथी हैदराबादले रोज पिऊन राह्यला. त्याले कोणं पोळा ते पोळा लावला?"

वैशाली रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

"शाळेच्या दिवसाची पोरगी तुह्याकडं," जनाबाई म्हणाली. "शनिवार-इतवार अथी. अन् मंडईले मीच नेईन. ते मी तुह्याकडं नाही देणार."

"कधीच?"

"आता तं नाही."

हा करार माझ्यासमोर झाला आणि त्यात मला एक शब्दही विचारला गेला नाही. माझ्या शब्दावर अवलंबून असलेली गोष्ट एका तांदळाच्या थैलीने सहा आठवड्यांपूर्वीच निकालात काढली होती. मला दोन पुरणपोळ्या वाढल्या, वर तूप घातलं. निघताना वैशालीने माझ्या हातात पाच किलोची थैली ठेवली. एकोणतीस वर्षांत मी पेशंटकडून काही घेतलं नव्हतं. पण तो नियम पदाला होता, आणि पद फ्लेक्सबरोबर उतरलं होतं.

घरी येऊन थैली उघडली. तांदूळ आरशासारखा. मूठभर तांदळाला वीस मिनिटं, तर पाच किलोंना किती, हे गणित मी करायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं.

त्यानंतरचं सगळंच गोड नाही. माझ्या जागी विश्वस्तांनी अजून कोणी नेमलेलं नाही. पाटी आहे, खोलीत जुनी कपाटं ठेवली आहेत. मधल्या बाकावर माणसं बसतात आणि उठून जातात. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटते, पण त्या लाजेचा त्यांना उपयोग नाही. वैशाली बुधवारी येत राहिली. उजवीकडच्या वॉर्डातली एक सिस्टर तिच्यासाठी अर्धा तास काढते. सिस्टरला आमच्या धंद्यातलं काही येत नाही, मधेमधे उपदेशही करते, पण ती दर बुधवारी जागेवर असते, आणि तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आहे की तिची बदली कधी होऊ शकते. वैशाली त्यानंतर दोनदा प्यायली असं माझ्या कानावर आलं. दोन्ही वेळा तिने सासूला स्वतः सांगितलं. दोन्ही वेळा मुलगी आईकडेच राहिली.

दिवाळीनंतर नव्या धानाचा तांदूळही वैशालीने पाठवला, तसाच आरशासारखा. मी शिजवला, खाल्ला, आणि प्रत्येक घासाला मला अपराधी वाटलं.

यंदा जनाबाई डोळे तपासायला भंडाऱ्याला आली तेव्हा थैली घेऊन माझ्या घरी आली. चहा घेतला. नातीचं सातवीचं सांगितलं. मंडईचं मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. "अवंदा तिघी गेलतो. म्या मांगं राहून पाह्यलं." मग थैलीकडे बोट करून जरा ओशाळून म्हणाली, "तांदूळ तेवढा पाहून घ्या जी. खडे आहेत. वैशाली आता निवडत नाही."

"का?"

"वेळ नाही म्हणते. शिलाई असते, पोरीचा अभ्यास असते, संध्याकाळी दोघी टीवी पायत बसतेत. दोन-दोन हप्ते थैली तशीच पडली राह्यते." तिने हात झटकला. "आळशी झाली साफ."

ती गेल्यावर मी भात लावला. निवडला नाही. तिसऱ्या घासाला दाताखाली खडा आला, चांगला हरभऱ्याएवढा. मी तो काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवत राहिले.